आवाज समितीला अर्पण

देवखोल, ता. राजापूर
२ जून २०२५

चि. दर्शना,

विठूमामाचा आशीर्वाद आधी घे, मग पुढचं वाच.

तुम्ही पोचल्याचा फोन आला तेव्हा मी हो हो म्हणालो, पण खरं सांगायचं तर मला काही ऐकू आलं नाही. उजवा कान गेलाच आहे. डाव्या कानाला मोबाईल धरला की कोण बोलतंय ते कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. म्हणून लिहितो. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे. तूही लिहूनच पाठव.

तुम्ही निघालात तेव्हापासून जिवाला घोर आहे. गाडीत बसायला मिळालं का, गरे खराब झाले नाहीत ना, आणि मुख्य म्हणजे जावईबापू कसे आहेत. इथे होते तोवर मी रोज म्हणायचो, चला अनिलराव, वर डोंगरमाथ्याच्या सड्यावर वाऱ्याला जाऊ. ते रोज नको म्हणायचे. तुम्ही गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, सड्यावरून समुद्र दिसतो.

तुझं गाऱ्हाणं देवीच्या कानावर घातलं आहे, तू सांगितलंस तसंच, काही गाळलं नाही. माझ्या बापानंतर हा मान माझ्याकडे आला. माणूस येतो, माझ्या कानात आपलं दुःख सांगतो, ते मी मोठ्याने देवीला सांगतो, मागे उभा असेल तो "होय महाराजा" म्हणतो. झालं. देवळाची पायरी उतरताना मी ते तिथेच ठेवतो. संध्याकाळी कुणी विचारलं तर मला आठवतही नाही. आठवायचं नसतंच. तुझं मात्र उतरताना माझ्याबरोबर घरी आलं, म्हणून झोप नाही.

तू बघितलंसच, या वर्षी माझ्या उपरण्याला टाचणीएवढा माईक लावतात. वरच्या वाडीतला रितेश समितीचा सेक्रेटरी झाला आहे, इंजिनियर आहे. मला म्हणतो, "आजोबा, तुमचा आवाज आता नालासोपाऱ्याच्या चाकरमान्यांपर्यंत जाणार." यंत्रं सगळी बाबूशेठने दिली, तेच आपले, जहाजांवर माणसं लावणारे. मला आधी संकोच वाटला. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. म्हाताऱ्याचा आवाज हल्ली घरातही कोण ऐकत नाही.

तिकीट पुरेसं लावलं आहे का कळत नाही. पत्र मिळालं तर कळव. नाही मिळालं तरी कळव.

तुझा,
विठूमामा

•

भांडुप
१९ जून २०२५

मामा,

नमस्कार. पत्र मिळालं. गरे चांगले राहिले. बाकी काही चांगलं राहिलं नाही.

यांना या महिन्यात जहाज मिळणार होतं. बाबूशेठच्या ऑफिसातून कागद आले होते, डॉक्टरांनी पास केलं होतं. सही करायला हे रत्नागिरीला गेले. बाबूशेठने चहा पाजला आणि म्हणाला, "अनिलराव, सहा महिने घरी बसा. देवीला सांगितलंत ना सगळं? आता देवी बघेल. मी मध्ये कशाला पडू?"

यांना काही कळेना. विचारलं, "काय सांगितलं देवीला?"

तर तो म्हणाला, "समुद्राची भीती बसली आहे म्हणून सांगितलंत की. भ्यालेला माणूस मी इंजिनरूममध्ये उतरवू? उद्या बाकीच्यांचे जीव गेले तर कंपनी मला विचारेल." ऑफिसात माणसं बसली होती, ती हसली.

घरी आले. चप्पलही काढली नाही. दारात उभ्यानेच विचारलं, "देवीला काय सांगितलंस?"

मामा, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. मागच्या खेपेला मालकाने यांचं जहाज परक्या बंदराबाहेर सोडून दिलं. ना पगार, ना उतरायची परवानगी. शेवटी शेवटी एसीचं गळणारं पाणी बाटलीत धरून प्यायले. परत आले ते तसेच बोलत, हसत आले. पण दिवसातून किती वेळा नळ सोडून बघतात, पाणी येतंय ना म्हणून. जहाजाचा विषय निघाला की हात मांडीखाली घेऊन बसतात. मी कधी विचारलं नाही. मी विचारलं असतं तर आपल्या बायकोला हे दिसलं, याच लाजेने ते मेले असते. म्हणून मी देवीकडे आले. यांचं मन धीट कर, नाहीतर यांना जमिनीवरचं काम दे, एवढंच मागितलं.

देवीला सांगितलं म्हणजे तुम्हाला सांगितलं. त्या दुपारी देवळात आपण दोघंच होतो. मग बाबूशेठला कुणी सांगितलं, मामा? मी तुमच्यावर आळ घेत नाही. पण दुसरं नावही मला सुचत नाही.

दर्शना

•

देवखोल
२७ जून २०२५

चि. दर्शना,

तुझं पत्र वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग जेवण गेलं नाही. आळ घेत नाही म्हणतेस आणि घेतेस. घे. तुझी आई असती तर तिने तुला सांगितलं असतं, तुझा मामा कसला आहे. मी बाबूशेठला शिमग्यानंतर बघितलेला नाही.

पण मी विचार करत बसलो. आपण दोघंच नव्हतो. आनंदीबाई सभामंडपात खांबाला टेकून हार ओवत होती. रोज असते, म्हणून तुझ्या लक्षात आली नाही. तिचा भाऊ रत्नागिरीला बाबूशेठच्या बंगल्यावर माळीकाम करतो. आता तूच जोड.

काल ती राजापूरला बाजाराला निघाली होती. एसटीच्या थांब्यावर गाठली. म्हटलं, "आनंदीबाय, देवळातलं बाहेर कशी गो नेतेस?"

"काय नेलंय मी? परडी?"

"दर्शनाचं गाऱ्हाणं."

ती म्हणाली, "विठू, मला जेवायला हाक मारलेली ऐकू येत नाय. तुझं गाऱ्हाणं कुठलं ऐकू येतंय? तू ओरडतोस ता कळतंय, म्हणून मी बरोबर होय महाराजा म्हणतंय. काय बोलतोस ता देवीला ठावूक."

माणसं हसली. मला राग आला. मी म्हटलं, तुझी जीभ सगळ्या वाडीला माहीत आहे, अशीच तुझ्या सुनेची लाज तू गावभर केलीस. हे बोलायला नको होतं. एसटी आली, ती तिच्यात चढलीही नाही. परडी उचलली आणि घरी गेली. आज देवीला हार नव्हता.

चोर सापडला असं समज आणि माझ्यावरचा राग काढून टाक. जावईबापूंना सांग, मामाने बंदोबस्त केला आहे.

तुझा,
विठूमामा

•

भांडुप
८ जुलै २०२५

मामा,

आनंदीबाईची माफी मागा. हे वाचून झाल्यावर लगेच जा.

माझी धाकटी जाऊ सानवी देवखोलच्या मुंबई मंडळात आहे. काल तिने मोबाईल पुढे केला, तोही हसू दाबत. म्हणाली, "वहिनी, हे तुमचंच ना?"

देवीच्या नावाचं ॲप आहे. त्यात दर्शन, आरती, देणगी आणि खाली "गाऱ्हाणी". शिमग्यापासून तुम्ही घातलेलं एकूण एक गाऱ्हाणं त्यात आहे. त्याचे खाने पाडलेत: आजार, मूलबाळ, लग्न, जमिनीचा वाद, नोकरी. मी "नोकरी"त आहे.

बोट लावलं तर तुमचा आवाज आला. "ही तुझी माहेरवाशीण दर्शना, हिचा घरकार अनिल, जहाजावरचा..." सगळं, मामा. नळ सोडून बघण्यापर्यंत सगळं. आणि तुम्ही थांबता तिथे तिथे मागून माझा आवाज, "होय महाराजा". मी केवढ्याने म्हटलंय ते.

तो माईक मला दिसला होता. मला वाटलं, तुमचा आवाज बसलाय म्हणून लावलाय. मला वाटायला काय झालं.

सानवी म्हणते, आम्हाला एकेक ऐकता येतं, पण बाबूशेठला देणगीदार म्हणून वेगळी सोय आहे. त्याने "जहाज" लिहिलं की जहाजाबद्दल देवीशी जो जो बोलला तो समोर येतो. कुणाचे डोळे अधू, कुणाला पोटाचा त्रास, कोण कर्जासाठी पुन्हा निघाला आहे, म्हणजे कमी पगारावर येईल. आपल्या पंचक्रोशीतून त्याच्याकडे कितीतरी मुलं जातात. त्यांच्या आया तुमच्याकडेच येतात ना?

मी दवाखान्यात बिलं करते. आमच्याकडे बायकोला नवऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट द्यायचा तरी त्याची चिठ्ठी मागतो. मीच मागते. लोक शिव्या देतात, तरी मागते.

रितेशला भेटा. माझं काढायला सांगा. फोनवर बोलू नका, समोर जाऊन सांगा. हे अजून नुसते बसून आहेत. ॲप त्यांनी स्वतः ऐकलं नाही, पण सानवीच्या घरात ते वाजलं तेव्हा दिराने ऐकलं आहे.

दर्शना

•

देवखोल
१९ जुलै २०२५

चि. दर्शना,

रितेशकडे जाऊन आलो. समितीला आता देवळामागे काचेची खोली झाली आहे. चिखलाचे पाय बाहेर धुवून आत गेलो.

म्हणाला, "बसा आजोबा. अहो, ही जपणूक आहे. उद्या तुम्ही नसाल तेव्हा गावाला हा आवाज कुठून मिळणार?"

मी म्हटलं, "मी अजून आहे."

"आहात तोवरच घ्यायला हवा ना!"

मी म्हटलं, "दर्शनाला विचारलंस का?"

त्याने अगदी प्रेमाने समजावलं. "तिला विचारायचं कारणच नाही. आवाज कुणाचा? तुमचा. शब्द कुणी जुळवले? तुम्ही. ती तुमच्या कानात काय बोलली ते आम्ही घेतलेलं नाही. तुम्ही देवीला जे बोललात ते घेतलं. आणि तुमची संमती आहे."

मी म्हटलं, "माझी कसली संमती?"

त्याने पाटीसारखं ते यंत्र माझ्यापुढे धरलं. त्यात माझा फोटो होता आणि खाली लिहिलेलं होतं, "माझा आवाज व त्यातील सर्व मजकूर मी स्वखुशीने समितीला अर्पण करीत आहे." खाली अंगठा.

दर्शना, हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. लपवलं असं नाही. मला ती लिहिण्यासारखी गोष्टच वाटली नाही. रेशनला अंगठा, पेन्शनला अंगठा, सिलिंडरला अंगठा. दरवेळी कशाला म्हणून विचारलं तर मागचे लोक ओरडतात, आजोबा पुढे सरका. त्या दिवशी मी एवढंच ऐकलं की देवीला अर्पण आहे. देवीला अर्पण म्हटल्यावर मी नारळ फोडला असता, अंगठा काय चीज. यंत्रात देवीला लिहिलेलं नव्हतं, समितीला लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "मग बाबूशेठ ते का बघतो?" तर म्हणाला, "देणगीदार आहेत. गावाची सेवा करायची तर गावाच्या अडचणी कळायला नकोत? कितीतरी मुलांना त्यांनी कामाला लावलंय, तेव्हा नाही कुणी तक्रार केली." मग म्हणाला, दर्शनाताईंना लेखी अर्ज करायला सांगा, नियमात बसत असेल तर बघू. मला पायरीपर्यंत सोडायला आला. पाऊस आहे म्हणून छत्रीही देत होता. मी घेतली नाही, भिजलो, आता खोकला आहे.

आनंदीबाईकडे गेलो होतो. हात जोडले. ती तांदूळ निवडत होती, वर बघितलंही नाही. म्हणाली, "माफ केलंय का नाय ता मी देवीला सांगेन. तुझ्या तोंडून नाय."

जावईबापूंना माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस.

विठूमामा

•

श्री देवी पावणाई देवस्थान समिती, देवखोल
४ ऑगस्ट २०२५

सौ. दर्शना अनिल पाष्टे, भांडुप, यांस

आपला अर्ज मिळाला. समिती भाविकांच्या खासगीपणाचा पूर्ण आदर करते. आपल्या विनंतीवर विचार करण्यासाठी पुढील पूर्तता करावी.

आपल्या आधार कार्डाची प्रत पाठवावी. ज्या गाऱ्हाण्याबाबत तक्रार आहे ते नेमके ओळखता यावे म्हणून त्यातील संपूर्ण अडचण आपल्या शब्दांत सविस्तर लिहून द्यावी. गाऱ्हाण्यात आपल्या पतीच्या मनःस्थितीचा उल्लेख असल्याने ते संबंधित व्यक्ती ठरतात. सबब उल्लेख खरा असल्याचे व तो काढण्यास हरकत नसल्याचे त्यांचे सहीनिशी पत्र जोडावे. अर्ज नवरात्रोत्सवानंतरच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवून त्यावर निर्णय घेण्यात येईल.

सदर गाऱ्हाणे कोणी ऐकले अथवा कोणास उपलब्ध झाले, याची माहिती आपण मागितली आहे. ती दिल्यास संबंधितांच्या खासगीपणाचा भंग होईल. सबब देता येत नाही.

देवीची कृपा आपणांवर राहो.

रितेश, सेक्रेटरी

•

भांडुप
३० ऑगस्ट २०२५

मामा,

मी अनिल. मी कधी पत्र लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

दर्शनाने समितीचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी भितो हे खरं आहे, असं लिहून द्यायचं, ते सभेत वाचायचं, गावाने हात वर करायचे आणि मग ते काढायचं. मी सही केली नाही. यावरून घरात जे व्हायचं ते झालं.

मग मी ते ॲप एकट्याने ऐकलं. तुमचा आवाज चांगला आहे. माझ्याबद्दल तुम्ही इतकं नीट सांगितलंत की मलाच पहिल्यांदा कळलं, मला काय होतं ते. तुमच्यावर राग नाही. दर्शनावर आहे, आणि तो का आहे ते मलाही धड सांगता येत नाही. माझ्या हाताकडे ती इतके दिवस बघत होती आणि मला बोलली नाही. माझी बायको देवीशी बोलली, देवी बाबूशेठशी बोलली, बाबूशेठ माझ्याशी बोलला.

मी वाशीच्या एका एजंटमार्फत जहाज घेतलं आहे. बाबूशेठने नाही म्हटल्यावर मोठ्या कंपन्यांची दारं बंद झाली. त्यांचं आपापसात बोलणं असतं. हा एजंट मात्र काही विचारत नाही. जो काही विचारत नाही त्याचं जहाज कसं असतं ते मला माहीत आहे. मागचं जहाजही असंच घेतलं होतं.

भीती आहे. पण आता घरी बसलो तर ती खरी ठरेल. गणपतीच्या विसर्जनानंतर निघतो. दर्शनाला जपा. तिला वाटतं, मी तिच्यामुळे जातोय. तसं नाही, असं मी तिला सांगितलेलं नाही.

अनिल

•

देवखोल
६ ऑक्टोबर २०२५

चि. दर्शना,

तुझं पत्र नाही. जावईबापूंचं शेवटचं पत्र उशीखाली आहे. त्यांना जाऊ देऊ नका असं तुला लिहायला घेतलं होतं, पण विसर्जन होऊन गेलं होतं. माझं सगळंच उशिरा होतं.

सभा झाली. सही नसतानाही मी तुझा विषय काढला. उभा राहून म्हटलं, पोरीचं काढा, नाहीतर मी यापुढे माईक लावणार नाही. मला वाटलं होतं, एवढ्यावर सगळे गप्प होतील.

रितेश म्हणाला, "नका लावू, आजोबा. तुम्हाला त्रास नको म्हणूनच नवीन सोय केली आहे."

मग त्याने यंत्र लावलं. दर्शना, मी सभेत मागच्या बाकाजवळ उभा होतो आणि पुढून माझा आवाज आला. माझाच. माझ्यासारखाच दम घेतो, माझ्यासारखाच "बा देवी" म्हणताना वर चढतो. रितेश म्हणाला, शिमग्यापासूनची गाऱ्हाणी यंत्राला ऐकवली, त्यावरून ते शिकलं. आता मुंबईत बसून नाव आणि अडचण लिहिली, देणगी भरली, की लगेच देवळातल्या कर्ण्यावर विठूआजोबांच्या आवाजात गाऱ्हाणं होतं. "होय महाराजा"सुद्धा यंत्रच म्हणतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबूशेठने मला शाल दिली. मी ती घेतली. चारचौघांत अंगावर टाकल्यावर काय करायचं, मला सुचलं नाही.

तुझ्या गाऱ्हाण्याचं म्हणशील तर ॲपमधून काढलं आहे. पण यंत्र शिकलं त्यात ते होतं, ते आता परत उकलता येत नाही म्हणतात, उसळीतलं मीठ काढता येत नाही तसं. आणि सभेत नमुना म्हणून जे ऐकवलं ते तुझंच होतं. नावं काढली होती. "ही तुझी एक माहेरवाशीण, हिचा घरकार जहाजावरचा, परक्या बंदरात पाण्यावाचून अडकलेला..." मी ओरडलो, हे तिचंच आहे! रितेश म्हणाला, "नाव नाही म्हणजे आता ते कुणाचंच नाही, आजोबा. नमुना आहे." सभेतली सगळी माणसं खाली मान घालून बसली होती. देवखोलात जहाजावर पाण्यावाचून अडकलेला दुसरा कोण आहे?

आता वाडीतलं कुणी माझ्याकडे येत नाही. परवा मालन आली, तिच्या लेकीला दिवस राहत नाहीत. कानाशी आली आणि मागे सरली. म्हणाली, "नको मामा. तुम्ही आपलं म्हणा, सगळं बरं आहे." तेवढंच म्हटलं. सगळं बरं आहे, होय महाराजा.

एक ओळ तरी पाठव.

विठूमामा

•

भांडुप
१४ नोव्हेंबर २०२५

मामा,

तुमच्यावर राग धरायलाही आता अंगात बळ नाही.

परवा यांचा निरोप आला. कुणाच्या तरी फोनवरून, दोन वाक्यांचा. "जहाज बंदराबाहेर उभं आहे. पाणी मोजून देतायत." एजंटचा फोन लागत नाही. वाशीला जाऊन आले, त्याच्या गाळ्यात आता झेरॉक्सचं दुकान आहे. कंपनीच्या पत्त्यावर मेल केली तर उत्तर आलं, खलाशांची माहिती आम्ही तिऱ्हाइतांना देत नाही. मी लिहिलं, मी बायको आहे. ते म्हणाले, त्याची लेखी संमती पाठवा.

सानवीला यातलं काही सांगितलं नाही. घरात नळ सोडून आता मी बघते.

मामा, येत्या देवदिवाळीला देवळात जा. मोबाईल घरी ठेवा, माईक लावू नका. माझं नाव घेऊ नका, यांचं घेऊ नका, तोंडातून आवाजही काढू नका. नुसते उभे राहा. काय मागायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. मनात मागा. निदान हे एक कुणाच्या हाती लागू नये. माझ्याकडे आता मागायची दुसरी जागा नाही.

दर्शना

•

देवखोल
२२ नोव्हेंबर २०२५

चि. दर्शना,

तू सांगितलंस तसंच केलं. मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं. बाबूशेठची शाल घेतली नाही, जुनं उपरणं घेतलं, त्याला कुठे टाचणी नाही ना ते दोनदा चाचपून बघितलं. गर्दी व्हायच्या आधीच देवळात गेलो.

आनंदीबाई खांबाजवळ होती. हार करायला परत येऊ लागली आहे, माझ्याशी बोलत नाही. मला देवीपुढे उभा राहिलेला बघून तिने परडी खाली ठेवली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. गाऱ्हाणं घालताना मागे कुणी तरी हवं, म्हणून आली.

डोळे मिटले. जावईबापूंचा चेहरा समोर आणला. मनात म्हणायला सुरुवात करणार, एवढ्यात वर कर्णा सुरू झाला.

"बा देवी पावणाई!" माझाच आवाज. विरारचं कुणी होतं. त्याला पार्किंगची जागा मिळत नाही.

मी दातावर दात धरले आणि मनात पुन्हा सुरुवात केली. पण दर्शना, आपलाच आवाज डोक्यावर ओरडत असताना आपण मनात काही बोलू शकत नाही. मी "अनिल" म्हणतोय आणि आवाज "पार्किंग" म्हणतोय. ते संपलं तर दुसरं लागलं, कुणाच्या दुकानाचं. मग तिसरं. सणाचा दिवस, सगळ्या मुंबईने एकदम पाठवलं असेल.

आनंदीबाईला धड ऐकू येत नाही. तिला वाटलं, मीच घालतोय. प्रत्येक ठिकाणी तिने बरोबर हात जोडले आणि भक्तीने म्हटलं, "होय महाराजा." शेवटी डोळे पुसत माझ्याजवळ आली आणि इतक्या महिन्यांनी माझ्याशी बोलली. "विठू, दर्शनाच्या घरकारासाठी घातलंस ना? चांगलं घातलंस. देवी ऐकेल." मी तिला खरं सांगितलं नाही.

तुझं मागणं राहिलं, पोरी. उद्या पुन्हा जाणार आहे. कर्णा कधी बंद असतो तेवढं रितेशला विचारायला मघाशी काचेच्या खोलीपर्यंत गेलो होतो. दारातून परत आलो. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "का आजोबा, कशासाठी?"

विठूमामा